सोडायचा होता, तर धरला कशाला?

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या एका धरणावर आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. पोचेपर्यंत साडेदहा वाजले, ऊन चांगलंच चढलं होतं. धाकटा तेव्हा सात वर्षांचा. त्याच्या गळाला तासाभरानं एक ट्राउट लागला, दीड वीत लांबीचा, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. पोरगा आनंदानं नाचायला लागला. आम्ही फोटो काढले, एक त्याचा, एक ताईबरोबरचा, एक आजोबांबरोबरचा. मासा तोवर कोरड्या हातांतून कोरड्या हातांत फिरत होता. मग सगळ्यांनी मिळून त्याला पाण्यात सोडलं आणि टाळ्या वाजवल्या. आपण मुलाला काहीतरी चांगलं शिकवलं, असंच मला मनापासून वाटत होतं.

दहा मिनिटांनी तोच मासा काठापासून वीसेक फुटांवर तरंगताना दिसला. पांढरं पोट वर.

"आई, तो झोपलाय का?"

मला उत्तर सुचलं नाही. माझे वडील त्या उन्हाळ्यात भारतातून आमच्याकडे आले होते. ते संगमेश्वरचे, शास्त्री नदीच्या काठी गरवण्यात त्यांचं बालपण गेलेलं. ते नातवाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "नाही रे बाळा, मेला तो." मग माझ्याकडे वळून, अजिबात न चिडता, एवढंच विचारलं, "सोडायचा होता, तर धरला कशाला?"

आईबाबांनो, तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ते त्याच्याचसाठी. कॅलिफोर्नियात उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यातली कितीतरी घरं तंबू आणि शेगडी गाडीत टाकून धरणांवर जातात. कुणीतरी दुकानातून मुलांची छोटी रॉड घेतं. हौस चांगलीच आहे, मी ती मोडायला सांगत नाही. आम्हीही सोडलेली नाही. पण गळ पाण्यात पडायच्या आधी, खरं तर घरातून निघायच्या आधी, मुलांबरोबर एक गोष्ट ठरवून घ्या: मासा मिळाला तर खायचा, की सोडायचा? हे काठावर, मासा हातात तडफडत असताना ठरवता येत नाही. आणि याचं उत्तर माशागणिक वेगळं आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

त्यासाठी आधी पाणी समजून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी एकसारखं नसतं, त्याचे थर होतात. वरचं पाणी उन्हानं तापून हलकं होतं आणि वरच राहतं. जुलैत ते कित्येक ठिकाणी २५ अंश सेल्सिअसच्याही वर जातं. खाली थंड, जड पाणी. मध्ये एक पातळ पट्टा असतो, तिथं काही फुटांतच तापमान झपकन उतरतं. मुलांना हे सांगायला फळा लागत नाही. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उभं तरंगायला लावा. खांदे कोमट पाण्यात आणि पायाची बोटं जरा गार पाण्यात, हे त्यांचं त्यांनाच कळतं. त्या थरांतून कोणता मासा कुठे राहतो, यावरच सगळं अवलंबून आहे.

ट्राउट थंड पाण्याचा जीव. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. २० अंशांच्या, म्हणजे ६८ फॅरनहाइटच्या आसपास त्याची दमछाक सुरू होते. अशा पाण्यात गळाशी झुंजून तो आधीच थकलेला असतो. त्यात आपण त्याला बाहेर काढून फोटोसाठी धरून ठेवतो. आपण धावून आल्यावर कुणी तोंडावर उशी दाबावी, तसं ते आहे. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो त्याचं रोगांपासूनचं संरक्षण. आमचा ट्राउट पोहत गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, वाचला. प्रत्यक्षात तो सुटला तेव्हाच संपत आला होता.

म्हणून आता आमच्या घरचा नियम आहे. मुलगी दोरीला साधा थर्मामीटर बांधून पाण्यात सोडते. काठाजवळचं पाणी २० अंशांच्या वर असेल, तर त्या दिवशी ट्राउट सोडून द्यायच्या बेतानं गरवायचं नाही. खायचा असेल तर एकदोन धरायचे आणि गळ गुंडाळायचा. राज्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी दिवसाला ५ ट्राउटची आहे. ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे, हे मुलांना समजावून सांगा. आपल्या मुलांना प्रत्येक आकडा गाठायची सवय शाळेनं आणि आपणच लावलेली आहे. यातले बरेचसे ट्राउट सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवून धरणात सोडलेले असतात, हेही लपवू नका. "मग तो रानटी नाही?" असं माझ्या मुलीनं विचारलं आणि त्यावर गाडीत अख्खा तास गप्पा झाल्या.

दुसरा मासा कोकनी. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकट्यानं आजोबांना विचारलं होतं, "म्हणजे तुमच्या गावचा?" नाव ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, आपल्या कोकणाशी त्याचा संबंध नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरी तो "आजोबांचा मासा" झाला.

कोकनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय सामन. सॉकाय नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. कोकनीचा समुद्र म्हणजे तळं. कॅलिफोर्नियाच्या धरणांत तो माणसानं आणून सोडला. बेरिएसा, न्यू मेलोनेस, डॉन पेड्रो, स्टॅम्पीड अशा धरणांत तो आहे. उन्हाळ्यात तो त्या थंड थरात, पन्नास-साठ फूट किंवा त्याहूनही खाली असतो, म्हणून काठावरून मिळत नाही. आम्ही एका वाटाड्याच्या बोटीतून पहाटे साडेपाचला निघालो. जड शिशाचा गोळा तारेला बांधून खोल सोडतात. गळाची दोरी त्याला चिमट्यानं अडकवलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली रॉड एकदम ताठ उभी राहते. गळाला चमकदार पत्रा आणि आमिषाला पांढऱ्या मक्याचा एक दाणा. हा मासा खातो पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तरी त्या दाण्याला का लागतो, याची उत्तरं दर मासेमाराकडे वेगळी असतात.

त्याचं तोंड फार नाजूक. जोरात ओढलं तर ते फाटून गळ निसटतो. मुलीला वाटाड्यानं सांगितलं, ओढू नकोस, फक्त फिरवत राहा. ओठ घट्ट मिटून ती रीळ फिरवत होती. बोटीत आला तेव्हा तो चांदीचा होता, खरोखर चांदीचा. जाळीतून उचलताना त्याचे खवले तिच्या तळहाताला चिकटले.

आता इथे आजोबांचा प्रश्न परत येतो. साठ फुटांवरच्या थंडीतून कोमट पाण्यातून वर ओढलेला, खवले निघालेला कोकनी परत सोडला तर क्वचितच तगतो. त्यामुळे कोकनीला गेलात, तर खायलाच जायचं. आम्ही आदल्या रात्री मुलांबरोबर तसं ठरवलं होतं. चौघांत मिळून सहा, बस्स. मिळाले पाच.

आणि मारायचं कुणी? हे मी जरा सविस्तर सांगते, कारण इथेच आपण आईबाप मुलांना "तिकडे बघ हं, पक्षी बघ" असं म्हणून वळवतो. वाटाड्यानं छोट्या लाकडी दंडुक्यानं माशाच्या डोक्यावर एक घाव घातला. एकच, नेमका. मासा क्षणात शांत झाला. मग कल्ले कापून रक्त वाहू दिलं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवला. वाटाड्या म्हणाला, तडफडत ठेवणं हीच क्रूरता. मुलीनं ते पाहिलं. धाकट्यानं डोळे मिटले, त्यालाही कुणी काही म्हटलं नाही. दुसरा मासा आला तेव्हा मुलगी म्हणाली, "मी करू?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती अकरा वर्षांची होती. तिच्या हातावर हात ठेवून वाटाड्यानं तिला करू दिलं. त्या संध्याकाळी ताटात आलेला मासा तिनं काट्यापर्यंत साफ केला, एक कण टाकला नाही. एरवी निम्मं ताट टाकणारी पोर.

केलं ते सोपंच. हळद, मीठ, आगळ लावून अर्धा तास, मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. मांस भगव्याकडे झुकणारं लाल असतं आणि स्वतःचंच तेल सोडतं, म्हणून तेल बेतानं घालावं.

ऑक्टोबरात जमलं तर ताहो तळ्याला जाऊन टेलर क्रीकच्या काठी उभे राहा. गळ न घेता. तोवर तीन-चार वर्षांचे झालेले कोकनी लालभडक होतात, नरांचे जबडे वाकडे होतात आणि ते प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात. मग मरतात, एकूण एक. आम्ही गेलो तेव्हा वडील भारतात परतले होते. मी व्हिडिओ कॉल लावून पाणी दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चढणीचे मासे." पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की कोकणात मासे असेच वर चढतात. त्यांना पकडायला गाव लोटायचं. पोटात अंडी असलेला मासाही सुटत नसे. "आम्ही तेव्हा विचार केला नाही," ते म्हणाले. "आता ओढ्यात मासे राहिले नाहीत." एवढं मनातलं माझ्याशी ते कधी बोलले नव्हते.

तिसरा बास. हा खरा उन्हाळ्यातला आणि खरा मुलांचा. कोमट पाण्यात रमतो, काठाजवळच्या झाडोऱ्यात, धक्क्याच्या सावलीत असतो, भल्या पहाटे आणि दिवेलागणीला गळावर झडप घालतो. बोट लागत नाही. वसंतात बासचा नर अंड्यांवर आणि पिल्लांवर राखण करत बसतो. तेव्हा त्याला उचललं की दुसरे मासे अंडी फस्त करतात. जून उजाडला की बहुतेक ठिकाणी ती राखण संपलेली असते. ओल्या हातानं धरला, जबड्यात अंगठा घालून पोटाखाली दुसरा हात दिला आणि अर्ध्या मिनिटात सोडला, तर बास सहसा जगतो. गळाच्या टोकावरचा उलटा काटा पकडीनं आधीच चेपून टाका. मुलाच्या बोटात गळ घुसला तरी तो सहज निघतो, हा त्याचा दुसरा फायदा. बासचे दात पॉलिश पेपरसारखे खरखरीत असतात. अंगठा खरचटला की पोरं आठवडाभर तो सगळ्यांना दाखवत हिंडतात.

बास सोडायचा, याला आणखी एक कारण आहे, आणि मांसाहारी घरांनी ते नीट ऐकावं. १८४९ च्या आसपास कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. दगडाच्या चुऱ्यातून सोनं वेगळं करायला पारा लागायचा, आणि तो जवळच, सॅन होजेच्या न्यू अल्माडेन खाणीत, हिंगुळाच्या दगडातून निघायचा. आपल्यातली कितीतरी घरं आज त्याच अल्माडेनच्या खोऱ्यात राहतात. तो पारा नद्यांतून वाहिला आणि गाळात बसला. गाळातले जिवाणू त्याचं विषारी रूप तयार करतात. ते सूक्ष्म जिवांत, मग छोट्या माशांत आणि शेवटी छोट्यांना खाणाऱ्या, अनेक वर्षं जगणाऱ्या बासमध्ये साठत जातं. वाढत्या मेंदूला ते सगळ्यात घातक. त्यामुळे राज्याच्या आरोग्य सल्ल्यानुसार कित्येक धरणांतला बास मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी खाऊ नये. अल्माडेन, कॅलेरो, ग्वाडालुपे या तळ्यांतला तर कोणताच मासा खाऊ नये. कोकनी अन्नसाखळीच्या खालच्या टोकाला खातो आणि लवकर मरतो, म्हणून त्यात पारा कमी. मुलीनं हे ऐकून विचारलं, "म्हणजे ज्यांनी सोनं नेलं ते गेले, आणि पारा बासकडे राहिला?" तिनं मांडलं त्याहून नीट मला मांडता आलं नसतं.

आता शाकाहारी घरांशी थोडं. "आपण खात नाही, मग नुसतं पकडू आणि सोडू, कुणाला त्रास नाही," असं मी पुष्कळ मैत्रिणींकडून ऐकलं आहे, आणि त्या सगळ्या मनापासून बोलतात. पण माशाला त्रास होतोच. बास कदाचित वाचेल, उन्हाळ्यातला ट्राउट बहुधा नाही. तुमच्या घरात जीव न मारण्याचं मोल असेल, तर मुलाला गळापेक्षा चष्मा द्या, पाण्यात डोकं घालून बघायचा. ताहोला टेलर क्रीकच्या काठी जमिनीखाली काचेची खोली आहे, तिथून वाहत्या ओढ्यातले मासे बसून बघता येतात. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीत लोक देवीचे म्हणून मासे धरत नाहीत, चुरमुरे टाकून त्यांना बघत बसतात. ते काही गरवण्याहून कमी नाही.

पाण्याबद्दल मात्र मी कुणालाच सूट देणार नाही. आपल्या पिढीतल्या पुष्कळ जणांना पोहता येत नाही. मलाही चाळिशीपर्यंत येत नव्हतं. धरणाचा काठ समुद्राच्या वाळूसारखा हळूहळू उतरत नाही. दोन पावलं गुडघाभर पाण्यात आणि तिसरं पाऊल डोक्यावरून. तिथं पूर्वी डोंगराची बाजू होती, हे लक्षात ठेवा. बेरिएसाच्या पाण्याखाली माँटिसेलो नावाचं अख्खं गाव गेलं, जसं उजनीच्या पाण्याखाली पळसदेव. १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्यानंच सक्तीचं आहे, पण माझी विनंती काठावरही घाला अशी आहे. ते वयावर नव्हे, वजनावर घ्यायचं असतं: ३० ते ५० पौंडांचं वेगळं, ५० ते ९० चं वेगळं. घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढून बघा; कानापर्यंत सरकलं तर ते मुलाला धरून ठेवणार नाही. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. नसेल तर बऱ्याच धरणांवर दिवसापुरतं फुकट मिळतं. आणि एका मोठ्या माणसानं फक्त मुलांकडे बघायचं, फोनकडे नाही, तळणाकडे नाही. पाळी लावून घ्या.

बाकीचं थोडक्यात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बटण दाबायची बंद रीळ द्या, गुंता कमी होतो. टोपी आणि गॉगल प्रत्येकाला. गॉगल डोळा गळापासूनही वाचवतो. गळ फेकण्यापूर्वी मागे वळून बघायचं, हा नियम पहिल्या दिवशी दहा वेळा म्हणून घ्या. १६ वर्षांखाली परवाना लागत नाही. तुम्ही रॉड हातात घेणार असाल तर तुम्हाला लागतो, आणि पाहुणे आलेल्या आजीआजोबांनाही लागतो. त्यांच्यासाठी एका दिवसाचा मिळतो. वर्षातून दोन शनिवारी, एक ४ जुलैच्या सुमारास आणि एक लेबर डेच्या सुमारास, परवान्याची गरज नसते. स्वतःची छोटी बोट नेणार असाल तर आधी चौकशी करा. २०२४ मध्ये इथल्या पाण्यात सोनेरी शिंपले सापडल्यापासून अनेक धरणांवर बोटींची तपासणी होते. आणि मुलं कंटाळली की निघा, सकाळचे आठ वाजले असले तरी.

वडील या जूनमध्ये परत येणार आहेत. धाकट्यानं त्यांना फोनवर आधीच सांगून ठेवलं आहे: दोन ट्राउट, जूनच्या सुरुवातीलाच, पाणी तापायच्या आत, आणि दोन्ही खायचे. जुलैत फक्त बास, आणि तो सोडायचा. त्यानं हे स्वतः ठरवलंय, आम्ही फक्त ऐकलं. तुम्हीही यंदा जाणार असाल, तर निघायच्या आदल्या रात्री जेवताना मुलांना विचारा, "मिळाला, तर काय करायचं?" आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका.